तीन महिने कुणाला सांगू नको म्हणतात, मग सांगायचं कुणाला?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली आणि पत्रांचा गठ्ठा घरी आला. एरवी त्यात सांधेदुखी, साखर, पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारी असं सगळं मिसळलेलं असतं. या वेळी एकोणीस पत्रांतली अकरा नुकतेच दिवस राहिलेल्या बायकांची किंवा त्यांच्या घरच्यांची निघाली. वाचताना एकच चित्र डोळ्यांपुढे येत राहिलं. गावच्या घरी पंचवीस माणसं जमली आहेत, गणपतीवरची माटोळी बांधून झाली आहे, चूल सकाळपासून पेटलेली आहे आणि सातव्या-आठव्या आठवड्यातली एक सून तोंडाला पदर लावून त्या धुरात उभी आहे. तिला काय होतंय हे त्या पंचवीसांतल्या दोघांनाच ठाऊक. म्हणून या महिन्याचं सदर सगळं तिचं. उरलेल्या आठ जणींना पुढच्या अंकात उत्तर देईन.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी डॉक्टर नव्हे. ३४ वर्षं नर्स होते. पहिली अकरा सत्तरी तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर गेली, पुढची बहुतेक गरोदर बायकांच्या ओपीडीत. आता माशेलला राहते. मी लिहिते ते समजून घेण्यासाठी. गोळी कोणती आणि किती, हे तुमचे डॉक्टर तुम्हाला तपासून ठरवतील.

साखळीहून

*“सिस्टरताई, मला सातवा आठवडा चालू आहे. नोकरी पणजीला. सकाळची कदंब पकडते, बाणस्तारीच्या पुलापर्यंत पिशवीत एकदा तरी उलटी होते. ऑफिसात अ‍ॅसिडिटी आहे असं सांगितलंय, कारण सासूबाईंनी तीन महिने कुणाला सांगू नको म्हटलंय. घरी भाताला कढ आला किंवा मासे तळायला घेतले की मी मागच्या दारी पळते. दिवसाला पाच-सहा उलट्या होतात. बाळाला काही मिळत असेल का? नणंद म्हणते, मनाने हळवं असलं की जास्त होतं.”*

बाय, तुझी बस माझ्या घरावरूनच जाते. आता सकाळी ती दिसली की तुझी आठवण येते.

आधी नणंदेचं बोलणं बाजूला ठेव. दहातल्या सात-आठ जणींना या दिवसांत मळमळ होते आणि ती मनाच्या हळवेपणातून येत नाही. वार आणि गर्भ यांतून आईच्या रक्तात संप्रेरकं येतात. त्यांतलं जीडीएफ-१५ नावाचं एक मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करतं, हे २०२३ साली शास्त्रज्ञांनी नीट दाखवून दिलं. दिवस राहण्यापूर्वी जिच्या अंगात ते कमी होतं, तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला जास्त त्रास होतो. माझ्या ओपीडीत शेतात राबणाऱ्या, डोक्यावर लाकडाची मोळी आणणाऱ्या बाया बाकावर आडव्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना हळवं म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

बाळाला काय मिळतं? सातव्या आठवड्यात ते साधारण एक सेंटीमीटर असतं, काजूच्या बीपेक्षाही लहान. त्याला जे लागतं ते तुझ्या अंगातल्या साठ्यातून जातं. पहिल्या तीन महिन्यांत वजन वाढलं नाही किंवा किलो-दीड किलो उतरलं तरी बाळाचं नुकसान होत नाही. मळमळ साधारण नवव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यांत वाईट असते. बाराव्यापासून सोळाव्यापर्यंत बहुतेकींची उतरते, दहातल्या एकीची विसाव्यापुढेही रेंगाळते.

आता रोजचं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पोट रिकामं होऊ द्यायचं नाही. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, काकणं (कडक गोल पाव) आणून उशाशी डब्यात ठेव. डोळे उघडले की उठायच्या आधी पडल्या पडल्या अर्धं काकण हळूहळू चाव, मग दहा मिनिटं तशीच राहा. काकण नसेल तर कुरमुरे किंवा भाजलेले पोहे. सत्तरीत बायकांना मी हेच सांगायची आणि पंधरा दिवसांनी त्या परत येऊन सांगायच्या की बाकी काही नाही झालं तरी सकाळची पहिली उलटी टळते.

दुसरं, पेज. उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, कोमट किंवा गारच. गरम अन्नाची वाफ येते, वाफेबरोबर वास येतो आणि वासाने पोट उलटतं. म्हणून गार जेवलीस तर बरं जाईल. एका वेळी वाटीभर पुरे, दोन तासांनी परत वाटीभर. पाणी जेवणाबरोबर ढोसू नकोस, मधल्या वेळेत घोट घोट घे. सोलांचं पाणी चालतं, लिंबाची फोड हुंगलेली चालते, आल्याचा बारीक तुकडा मीठ लावून चघळलेला चालतो. एकीला कैरीच्या लोणच्याची नुसती फोड चालायची, पेजेतही बुडवायची नाही. तुला काय चालतं हे तुझं तुलाच शोधावं लागेल, आणि आज चाललेलं परवा नकोसं झालं तर घाबरू नकोस. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नकोस, नुसती चूळ भर. पोटातलं आम्ल दातांवर असताना ब्रश फिरवला की दात झिजतात.

बसमध्ये पुढची खिडकी धर आणि लांब बघ, मोबाईलमध्ये नको. भाताचं आणि माशांचं काम महिना-दीड महिना घरातल्या दुसऱ्या कुणी करायला हवं. त्यासाठी गरज लागली तर हे पान सासूबाईंना वाचायला दे.

एवढ्याने भागलं नाही तर गोळी आहे. डॉक्सिलामाईन आणि बी-६ जीवनसत्त्वाची ही गोळी कित्येक दशकं गरोदर बायकांना दिली जाते, तिने बाळात व्यंग येत नाही. झोप मात्र येते. ती डॉक्टरांकडून लिहून घे, फार्मसीत ‘उलटीची गोळी द्या’ म्हणून घेऊ नकोस, कारण तिथे हातात दुसरीच काही पडू शकते. पाच-सहा उलट्या होतायत म्हणजे तू या आठवड्यातच डॉक्टरांकडे जायला हवंस. गोळी घेणं म्हणजे हार मानणं असं वाटून सोसत बसलेल्या फार जणी मी पाहिल्या. कुणासाठी सोसतेस?

आणि हे पाठ करून ठेव. दिवसभरात पाण्याचा घोटही पोटात टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा चहासारखी गडद होत असेल, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, उलटीत रक्त असेल, ताप असेल, किंवा मूळ वजन ५० किलो असताना अडीच किलोपेक्षा जास्त उतरलं असेल, तर ही साधी मळमळ राहिली नाही. सलाईन लावावं लागतं. त्याच दिवशी इस्पितळ गाठ.

राहिली तीन महिने न सांगण्याची गोष्ट. या चालीमागे प्रेम आहे हे मी जाणते. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ टिकला नाही तर चारचौघांना तोंड द्यावं लागू नये, दीठ लागू नये, म्हणून थोरामोठ्यांनी हे ठरवलं. पण त्यामुळे होतं असं की ज्या बारा आठवड्यांत बाईला सगळ्यांत जास्त त्रास असतो, त्याच बारा आठवड्यांत तिला मदत मागता येत नाही. साऱ्या गावाला सांगू नकोस. ऑफिसातल्या एका माणसाला सांग, एका बाईला, जिच्यावर तुझा विश्वास आहे. उद्या बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलीस तर तिथल्या कुणाला तरी ठाऊक हवं ना! दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि दिवस राहिले म्हणून कामावरून काढता येत नाही, हेही लक्षात असू दे.

पेडण्याहून

*“मागच्या वर्षी नवव्या आठवड्यात माझं गेलं. आता परत आठवा आठवडा. चवथीच्या आदल्या दिवशी पातोळ्यांच्या चुनासाठी (सारणासाठी) आदोळीवर (विळीवर) बसून सहा नारळ किसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तपकिरी डाग दिसला. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. घरात सगळे म्हणतात आदोळीवर बसल्याने झालं, मागच्या वेळीही मी ऐकलं नव्हतं. आता मी पलंगावरून उठतच नाही. बाथरूमला जायचीही भीती वाटते. ताई, माझंच चुकलं का?”*

नाही. तुझं चुकलं नाही. या वेळी नाही आणि मागच्या वेळीही नाही.

मी हे दिलासा द्यायचा म्हणून लिहीत नाही. लक्षात आलेल्या शंभर गरोदरपणांतली दहा ते वीस पहिल्या महिन्यांत आपोआप संपतात. त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांची मांडणीच चुकलेली असते. बीज एकत्र आलं त्या क्षणी, म्हणजे पाळी चुकायच्याही आधी, ते ठरून गेलेलं असतं. त्यानंतर तू आदोळीवर बसलीस काय, जिना चढलीस काय किंवा घागर उचललीस काय, त्याने त्यात फरक पडत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी दिवस भरत आले तरी आदोळीवर बसून नारळ किसले, गुडघाभर चिखलात उभ्या राहून लावणी केली. आदोळीने गर्भ पडत असता तर गोव्यात माणसं उरली नसती.

माझं स्वतःचं सांगते. या सदरात मी हे पूर्वी कधी लिहिलेलं नाही. १९८९ साली माझं पहिलं दहाव्या आठवड्यात गेलं. तेव्हा मी उपकेंद्रावर होते, लसींचा डबा खांद्याला लावून वाड्यावाड्यांवर चढणी चढत होते. जिथे मला दाखल केलं तिथल्या एका वयस्क बाईंनी फाईल भरता भरता मान वर न करता म्हटलं, “नर्स असून तुला एवढं कळलं नाही?” एवढंच वाक्य. गुणसूत्रांचं सगळं मी शिकलेली होते, दुसऱ्यांना समजावत होते, तरी रात्री ते वाक्य यायचं. दोन वर्षांनी परत दिवस राहिले. तेच उपकेंद्र, तोच डबा, त्याच चढणी. मुलगी झाली, तीन किलोची. तिला मांडीवर घेतलं त्या दिवशी मला पहिल्यांदा खरं पटलं की चढणीने काही झालं नव्हतं. जवळजवळ तीन वर्षं मी स्वतःला उगाच दोषी धरलं होतं. तुझी तेवढी वर्षं जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आता तुझ्या डागाचं. पहिल्या तीन महिन्यांत चौघींतल्या एकीला थोडंफार रक्त दिसतं. तपकिरी म्हणजे जुनं, साचलेलं रक्त. डाग दिसल्यावरही ठोके दिसले असतील तर बहुतेकींचं पुढे सुरळीत पार पडतं. पूर्वी गर्भ गेलेला असेल आणि या वेळी रक्त दिसलं असेल तर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या गोळ्या देतात, त्यांचा अशा बायकांना उपयोग होतो असं दिसून आलं आहे. तुला दिल्या त्या बहुधा त्याच असतील, पुढच्या भेटीत नाव विचारून घे. आणखी एक विचारायचं म्हणजे तुझा रक्तगट. निगेटिव्ह असेल तर रक्तस्रावानंतर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचार. मागच्या वेळचेही कागद बरोबर ने.

आणि पलंगावरून ऊठ. अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भ टिकतो असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, बद्धकोष्ठ होतं आणि छताकडे बघत बाईचं मन पोखरून निघतं. डॉक्टरांनी ‘आराम’ म्हटलं त्याचा अर्थ दमेपर्यंत राबायचं नाही, एवढाच. अंगणात फीर, भाजी चिर, दारात बसून शेजारणीशी बोल. रक्त चालू आहे तोवर शरीरसंबंध मात्र नकोत.

कधी धावायचं ते सांगते. रक्त लाल होऊन तासाला पॅड भिजू लागलं, गुठळ्या पडल्या, पोटात कळा येऊ लागल्या, किंवा ताप येऊन स्रावाला घाण वास आला, तर दोन आठवड्यांची तारीख बघत बसू नकोस. रात्र असो, पाऊस असो, १०८ ला फोन कर. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ तुला जवळ आहे, गरज लागली तर तिथून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पाठवतील.

आणि बाय, मागच्या वर्षी गेलेल्या बाळासाठी तू रडलीस का? पत्रात त्याबद्दल एकच ओळ आहे. घरात त्याचं नाव काढलं जात नसेल तर नवऱ्याजवळ काढ. त्याचंही गेलं आहे.

कुडचड्याहून, एका नवऱ्याचं पत्र

*“बायकोला दहावा आठवडा. मी वेर्ण्याला शिफ्टमध्ये काम करतो. ती कारण नसताना रडते, चिडते. माझा वासच सहन होत नाही म्हणते, म्हणून मी हॉलमध्ये झोपतो. काय करू ते समजत नाही.”*

पुता, नवऱ्याचं पत्र या सदराला वर्षातून एखादंच येतं. लिहिलंस याचं मला फार बरं वाटलं.

तिचा राग तुझ्यावर नाही. या दिवसांत नाक इतकं तीक्ष्ण होतं की साबण, आफ्टरशेव्ह, तंबाखू, शिफ्टचा घाम, सगळं अंगावर येतं. कामावरून आलास की आधी आंघोळ कर, अत्तर वगैरे सध्या नको. सिगारेट ओढत असशील किंवा गुटखा खात असशील तर ते बंद करायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. धूर तिच्यासाठी आणि बाळासाठी खरोखरच वाईट. हॉलमध्ये झोपायला हरकत नाही, पण ‘तुला नको असेन तर जातो’ असं म्हणून जाऊ नकोस. पाण्याची बाटली आणि काकणांचा डबा तिच्या उशाशी ठेवून जा.

दमणूक खरी असते. प्रोजेस्टेरॉन वाढतं तसं अंग झोपेने जड होतं, दुपारी दोन वाजता बाई बसल्या जागी पेंगते. पेंगू दे. मासे तू आण, तूच साफ कर, खिडकी उघडून तूच तळ. दवाखान्यात तिच्याबरोबर जा आणि डॉक्टर सांगतील ते लिहून घे, कारण मळमळत असताना निम्मं डोक्यात शिरत नाही.

रडणं अधूनमधून असेल तर तिच्याजवळ बस, उपाय सांगू नकोस. पण दोन आठवडे ती रोज खिन्न असेल, झोप लागत नसेल, कशातच जीव रमत नसेल, किंवा ‘मी नसते तर बरं’ असं काही बोलली, तर तो स्वभाव नव्हे, आजार आहे आणि गरोदरपणातही त्यावर उपचार होतो. डॉक्टरांना सांग. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. जिवाचं काही बोलली तर तिला एकटी सोडू नकोस आणि त्याच दिवशी दवाखान्यात ने.

काणकोणहून, एकाच पत्रात पाच प्रश्न

*“मासे खाऊ का? पपई? स्कूटर चालवू? घरात मांजर आहे. आणि पोट दुखलं तर आजी चमचाभर फेणी घे म्हणते.”*

मासे जरूर खा. बांगडे, तारले, मुडदुशी, लेपो, कोळंबी, सगळं. त्यांतल्या चरबीचा बाळाच्या मेंदूला उपयोग होतो. मोरी, म्हणजे शार्क, मात्र नको. समुद्रातले मोठे शिकारी मासे लहान मासे खाऊन खाऊन अंगात पारा साठवतात आणि तो पारा बाळाच्या मेंदूला घातक. इसवण (सुरमई) हाही तसाच मोठा शिकारी मासा, तेव्हा तो क्वचित, बारीक तुकडा. तिसऱ्या आणि काल्वां ही शिंपली पूर्ण शिजलेली असू देत, तोंड न उघडलेली तिसरी टाकून दे. खारवलेलं मासं थोडंच, मीठ फार असतं. मासे साफ करतानाच्या वासाने उलटी होत असेल तर तेवढे दिवस डाळ, अंडं, चवळीची उसळ यांवर भागतं.

पपई पिकलेली, गोड झालेली असेल तर फोडी खाल्ल्याने काही होत नाही. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाला आकुंचन आल्याचं प्रयोगांत दिसलंय, म्हणून कच्ची आणि अर्धकच्ची टाळ. अननसाच्या चार फोडींनी गर्भ पडत नाही.

स्कूटरच्या धक्क्यांनी गर्भ जात नाही, तो पहिल्या तीन महिन्यांत ओटीपोटाच्या हाडांच्या आत सुरक्षित असतो. भीती पडण्याची आहे. चक्कर येते, मळमळतं, उलटीची गोळी घेतली आहे, पाऊस आहे, अशा दिवशी करमलच्या घाटात एकटीने स्कूटर नेऊ नकोस. बसने जा.

मांजराला घराबाहेर काढू नकोस. त्याची घाण दुसऱ्या कुणाला काढायला सांग, परसात मातीत हात घातलेस तर साबणाने धू, भाजी नीट धुऊन घे.

फेणी नको. एक चमचाही नको. आजीच्या हाताने आपण सगळेच लहानपणी फेणी घेऊन बरे झालो आहोत असं आपल्याला वाटतं, पण गर्भाला दारूचं सुरक्षित प्रमाण असं ठरलेलंच नाही. दुखणं सौम्य असेल तर पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन आणि तसल्या दुखण्याच्या इतर गोळ्या नकोत. पोट सारखं दुखत असेल, लघवीला जळजळ असेल, तर तपासून घे.

सत्तरीतून, एका सासूबाईंचं पत्र

*“आमच्या वेळी एवढ्या तपासण्या नव्हत्या. सुनेला सातवा आठवडा आहे. तिला रक्त काढायला पाठवतात, गोळ्या देतात. मी काही सांगितलं की तिला बोलल्यासारखं वाटतं. तिचं भलं व्हावं एवढीच माझी इच्छा आहे.”*

वहिनी, तुमच्या भागात मी अकरा वर्षं पायी फिरले आहे. तुमच्या वेळी तपासण्या नव्हत्या आणि तुमच्या वयाच्या कितीतरी बायका बाळंतपणात गेल्या, त्यांची नावं तुम्हालाही आठवत असतील.

रक्तात हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉईड, कावीळ-बी, एचआयव्ही, गुप्तरोग हे बघतात. यांतलं काही सापडलं तर लवकर उपाय करून बाळ वाचवता येतं. फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोजची. बाळाचा कणा आणि मेंदू जिथून तयार होतात ती नळी सहाव्या आठवड्यापर्यंत मिटते, ती नीट मिटावी म्हणून. खरं तर दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते, पण आता चालू आहे तर बारा आठवडे चुकवू देऊ नका. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून. अकरा ते तेरा आठवड्यांच्या मधे एक सोनोग्राफी करतात, ती आठवणीने करून घ्या. त्यात मुलगा की मुलगी हे विचारू नका, तो १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. नर्सकडे नाव नोंदवून माता-बाल कार्ड घ्या आणि अंगणवाडीतही कळवा. पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, त्याला लवकरची नोंद लागते.

तुम्ही काय करावं, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते. सकाळी अकराला पेजेची वाटी तिच्या हातात द्या आणि ‘खा गं’ न म्हणता बाजूला बसा. तिला नको झालं तर वाटी उचला, काही बोलू नका, तासाभराने परत आणा. आणि तुमचं पहिलं बाळंतपण कसं होतं ते तिला सांगा. तुम्हाला कशाने ओकाऱ्या यायच्या, रात्री कशाची भीती वाटायची. सुनांना हे कुणी सांगतच नाही.

एक पत्र, ज्यावर नाव नाही

आकाशी रंगाचं पाकीट, आत वहीचं फाडलेलं अर्धं पान. गाव नाही, फोन नाही. शिक्क्यावरची तारीख मला मिळायच्या सोळा दिवस आधीची.

*“पाळी चुकून दोन आठवडे झाले, घरी केलेल्या चाचणीत दोन रेषा आल्या. अजून कुणाला सांगितलं नाही. उजव्या बाजूला खाली दुखतं, काल खांद्यातही दुखलं आणि न्हाणीत चक्कर आली. थोडं रक्त दिसलं. हे नॉर्मल असतं का?”*

बाय, नाही. हे नॉर्मल नसतं. एका बाजूला दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर आणि थोडं रक्त हे सगळं एकत्र आलं तर गर्भ गर्भाशयात न रुजता बीजवाहक नळीत रुजला असण्याची शंका घ्यावी लागते. शंभरांतल्या एक-दोघींना असं होतं. नळी फुटली की पोटात रक्त साचतं, त्याचाच ताण खांद्यात जाणवतो आणि मग हातात तासच उरतात. बाहेर रक्त थोडंच दिसतं, म्हणून बाई गाफील राहते.

तुझं पत्र उघडलं त्या दिवशी मी इस्पितळातल्या माझ्या जुन्या मैत्रिणींना फोन केले. कुणाची चौकशी करायची हेच मला सांगता येत नव्हतं.

ज्या कुणी हे वाचता आहात आणि ज्यांना असं काही होतंय, त्यांनी मला पत्र लिहू नये. मासिकातलं उत्तर यायला महिना लागतो. शेजारच्या खोलीतल्या माणसाला आता हाक मारा, तीन महिने झाले नसले तरी, लग्न झालं नसलं तरी, आणि १०८ लावा.

आणि तू, आकाशी पाकिटवाली, हे पान तुझ्या हातात पडलं असेल तर मला एक कार्ड टाक. नाव नको, गाव नको. ‘बरी आहे’ एवढे दोनच शब्द लिही.